विद्यार्थिनीला 'लेबोरियस' म्हटलं, त्यात चुकलं काय?

पत्र:

नमस्कार ताई. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. माझी एक विद्यार्थिनी जर्मनीत एमएस्सीसाठी अप्लाय करतेय, तिला मी एलओआर, म्हणजे शिफारसपत्र, लिहून दिलं. त्यात अगदी मनापासून लिहिलं होतं, 'शी इज अ व्हेरी लेबोरियस अँड सिन्सिअर स्टुडंट'. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला की मॅडम सॉरी, पण लेबोरियसच्या जागी दुसरा शब्द टाकता येईल का, तिकडचे एक सीनिअर म्हणाले हा शब्द माणसाला वापरत नाहीत. मला फार ओशाळल्यासारखं झालं हो. लेबोरियस म्हणजे कष्टाळू, हे आम्ही शाळेपासून पाठ केलेलं. स्टाफरूममधले इंग्रजीचे सर म्हणतात डिक्शनरीत हा अर्थ आहे, अजिबात बदलू नका. मग खरं कोण? आणि नुसतं हार्डवर्किंग लिहायचं तर फार साधं वाटतं, पोरीनं जे केलंय त्यापुढे. तीन वर्षं एसटीनं ये-जा, घरी शेतीतली कामं, आणि थर्ड इयरच्या प्रोजेक्टला तिनं आसपासच्या गावांतल्या चाळीस बोअरचं पाणी आणून त्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, काढला. सगळी टायट्रेशन्स, म्हणजे थेंब थेंब रसायन सोडून मोजायच्या चाचण्या, एकटीनं, रीडिंग जुळेपर्यंत जागची हलायची नाही. अशा मुलीसाठी जरा भारदस्त शब्द सुचवा ना.
– एक प्राध्यापिका

मॅडम, नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते, म्हणजे जीव भांड्यात पडेल. तो शब्द त्या जागेवरून काढा, मुलीचं बरोबर आहे. आणि ओशाळू मात्र नका, कारण हा अर्थ तुमच्या मनाचा नाही, इंग्रजीतच तो होता आणि चांगला शेकडो वर्षं होता, आता रोजच्या वापरातून गेलाय इतकंच. तुमच्या सरांचंही म्हणूनच खोटं नाही. पण आपण एलओआर लिहितोय आणि ते वाचणारा माणूस आजचा आहे.

फरक मराठीतच बघा, लगेच कळतो. आपण 'कष्टाळू मुलगी' म्हणतो आणि 'कष्टाचं काम' म्हणतो. 'कष्टाळू काम' असं कोणीच म्हणत नाही. काम कष्टाचं असतं, माणूस कष्टाळू असतो, दोन्हीत कष्ट आहेतच पण एकात ते माणसाच्या स्वभावात आहेत आणि दुसऱ्यात ते त्या कामानं आपल्यावर लादलेत. आजच्या इंग्रजीत लेबोरियस म्हणजे 'कष्टाचं'. 'कष्टाळू' नव्हे. आपल्या गाइडांनी आणि शब्दार्थांच्या याद्यांनी इंग्रजीच्या एका शब्दासमोर मराठीचा एक शब्द ठेवून दिला आणि आपण तो घोकला, तिथं हा घोळ झाला. यादीत नुसता अर्थ मिळतो, तो शब्द कुणाला लावायचा हे यादी सांगत नाही.

म्हणजे लेबोरियस प्रोसेस, लेबोरियस टास्क, लेबोरियस कॅल्क्युलेशन हे सगळं एकदम ठणठणीत. तहसीलमधले जुने हस्तलिखित फेरफार एकेक वाचून कॉम्प्युटरवर चढवायचे, हे लेबोरियस काम. येवल्याला पैठणीचा पदर विणताना वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या छोट्या कांड्या हातानं एकमेकींत अडकवत एकेक ओळ पुढे न्यायची आणि दिवसभर बसून बोट-दोन बोटं काम पुढे सरकायचं, ते विणणं लेबोरियस. पण विणणाऱ्या बाईला लेबोरियस म्हणायचं नाही, तिच्यासाठी वेगळा शब्द आहे, त्याच्याकडे येतेच. या शब्दात मेहनतीबरोबर संथपणा आणि कंटाळाही येतो, म्हणजे काम लांबलचक, पुन्हा पुन्हा तेच ते, संपता संपत नाही अशातलं. त्याच्यामुळेच एखाद्याच्या भाषणाला किंवा लेखाला लेबोरियस म्हटलं तर ती टीका होते, म्हणजे लिहिणाऱ्याचे कष्ट वाचणाऱ्याला दिसतायत, ओढूनताणून लिहिलंय, वाचवत नाही. 'ही एक्स्प्लेन्ड इट लेबोरियसली' म्हणजे त्यानं खूप मेहनतीनं समजावलं असा कौतुकाचा अर्थ लागत नाही, त्यानं ते फार रटाळ लांबवून सांगितलं असाच लागतो.

आता तुमचं वाक्य त्या प्रोफेसरनं वाचलं असतं तर काय झालं असतं? फार मोठं आकाश कोसळलं नसतं. भारतातून आलेली पत्रं वाचून वाचून त्यांना अंदाज येतो, बाईंना हार्डवर्किंग म्हणायचंय हे बहुतेक कळलं असतं. पण ज्याला नसतं कळलं त्याच्या मनात चित्र उभं राहिलं असतं एका अशा मुलीचं, जिला प्रत्येक गोष्ट जड जाते, जी फार धापा टाकत चालते. किंवा जिच्याबरोबर काम करणं जिकिरीचं आहे अशी. ज्या मुलीनं चाळीस बोअरचं पाणी तपासलं तिच्याबद्दल असं चित्र अर्ध्या मिनिटासाठीही कुणाच्या मनात यायला नको, म्हणून काढा म्हणतेय.

सरांना काय सांगायचं? सरांना सांगा की तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि त्याला पुरावाही आहे. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली लंडनला जी प्रसिद्ध डिक्शनरी काढली तिच्यात लेबोरियसचा पहिला अर्थच 'कामात तत्पर, मेहनती' असा दिलाय, आणि कष्टाचं, दमवणारं हा दुसरा. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीत इंडस्ट्रियस, म्हणजे मेहनती, हा अर्थ आजही नोंदवलेला सापडतो. स्पॅनिशमध्ये लाबोरिओसो माणूस म्हणजे मेहनती माणूस, आजही, बिनधास्त. फ्रेंचमध्ये कष्टकरी वर्गाला क्लास लाबोरिअ‍ॅज म्हणतात. हे सगळे एकाच लॅटिन 'लाबोर' या शब्दाचे, म्हणजे श्रम, कष्ट. तुमच्या जिव्हाळ्याचा शब्दही त्याच घरातला आहे मॅडम, लॅबोरेटरी, म्हणजे काम करायची जागा. कोलॅबोरेट म्हणजे सोबत राबणं, एलॅबोरेट म्हणजे राबून राबून घडवलेलं, आणि दवाखान्यातली लेबर रूम तर सगळ्यांनाच माहीत. तुमची विद्यार्थिनी जर्मनीत गेली की तिथं प्रयोगशाळेला नुसतं 'लाबोर'च म्हणताना ऐकेल.

पण डिक्शनरीचं काम सगळे अर्थ सांभाळून ठेवायचं असतं, जुनेसुद्धा. एखादा अर्थ डिक्शनरीत आहे म्हणजे आज समोरच्याच्या डोक्यात तोच आधी येईल असं नाही ना. आपल्याकडे इंग्रजी आलं ते एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांतून, तेव्हाचे कितीतरी अर्थ आपल्या दाखल्यांत, सर्टिफिकेटांत, अर्जांत पिढ्यानपिढ्या तसेच राहिले, कारण एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं बघून लिहिलं. यात हीन काही नाही. फक्त गावाबाहेर पत्र पाठवताना ते वाचणाऱ्याची भाषा बघायची. सर स्वतःच्या क्लासमध्ये हा जुना अर्थ शिकवू देत की, जुनी पुस्तकं वाचताना उपयोगी पडतो.

उच्चाराचं आणि स्पेलिंगचं आताच सांगून टाकते. आपण 'लेबर'वरून 'लेबोरियस' म्हणतो पण इंग्रजीत पहिलं अक्षर नुसतं 'ल' आणि जोर दुसऱ्यावर, लबॉरिअस असं काहीसं. आणि ब्रिटिश पद्धतीनं 'लेबर'मध्ये ओ नंतर यू येतो ना, तो लबॉरिअसमध्ये येत नाही, ब्रिटिशांच्याही नाही. ह्यूमर-ह्यूमरस, व्हिगर-व्हिगरस, ग्लॅमर-ग्लॅमरस, सगळीकडे तसंच, शेवटी 'अस' लागला की तो यू गळतो. बऱ्याच चांगल्या चांगल्या लोकांचं इथं चुकतं.

आता तुमच्या वाक्यातला दुसरा शब्द, तुम्ही विचारलेला नाही पण माझी नजर तिथंच अडकली. सिन्सिअर. आपल्याकडे सिन्सिअर मुलगा म्हणजे वेळेवर येणारा, होमवर्क पूर्ण असलेला, उनाडक्या न करणारा, पालकसभेत हा शब्द पंधरा वेळा ऐकू येतो. इंग्रजीत सिन्सिअर म्हणजे ज्याच्या मनात आणि बोलण्यात फरक नाही असा, कळकळीचा, पत्राखाली 'युअर्स सिन्सिअरली' लिहितो त्यातला. सिन्सिअर अपॉलॉजी म्हणजे मनापासून मागितलेली माफी. त्याच्यात मेहनत, नियमितपणा हे येतच नाही. म्हणजे तुमच्या वाक्याचा त्या प्रोफेसरला लागणारा अर्थ असा झाला असता की मुलगी कष्टप्रद आहे आणि मनानं खरी आहे. तुम्हाला म्हणायचं होतं मुलगी कष्टाळू आहे आणि कामात चोख आहे. दोन्ही शब्द घसरले. दोन्ही बदला.

सिन्सिअरच्या जागी तुम्हाला हवाय तो शब्द आहे कॉन्शिएन्शस. म्हणायला जरा अवघड आहे, लिहायला त्याहून अवघड, पण अर्थ अगदी नेमका, काम नीट झाल्याशिवाय जिच्या मनाला चैन पडत नाही अशी. तुम्हीच लिहिलंय ना, रीडिंग जुळेपर्यंत जागची हलायची नाही. तेच ते.

कष्टाळूसाठी सगळ्यात जवळचा शब्द डिलिजंट. मला तो फार आवडतो, कारण लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी असलेलं क्रियापद 'प्रेम करणं, जिवापाड मानणं' या अर्थाचं आहे, म्हणजे काम आवडीनं, काळजीनं करणारी ती डिलिजंट. माणसालाही चालतो, कामालाही चालतो, डिलिजंट स्टुडंट, डिलिजंट वर्क. कंपन्यांच्या बातम्यांत ड्यू डिलिजन्स ऐकतो तो यातलाच. एलओआरमध्ये डोळे झाकून वापरा.

इंडस्ट्रियसही चांगला, पण त्याच्यात उद्योगीपणा जास्त, सतत काहीतरी चालूच, हात रिकामा नाही. आपली आजी होती ना, दुपारी जरा टेका म्हटलं तरी शेंगा फोडत बसणारी, ती इंडस्ट्रियस. आणि लिहिताना घाईत इंडस्ट्रियल होऊ देऊ नका, मोबाइलचा कीबोर्ड आपणहून करतो ते, आणि मग मुलगी एमआयडीसीत जाऊन बसते. असिड्युअस नावाचा एक शब्द आहे तोही पाठ करून लोक टाकतात, मुळात जवळ बसून राहणं असा त्याचा लॅटिन अर्थ, आपण बैठक मारून अभ्यास केला म्हणतो त्यातला, पण तो आता जरा पुस्तकी झालाय, तुमच्या पत्रात एकटाच उठून दिसेल, टाळा.

आणि पेन्सटेकिंग. हा तो शब्द जो मी पैठणीच्या विणकरासाठी राखून ठेवला होता. यात 'पेन्स' म्हणजे दुखणी नव्हेत, घेतलेली मेहनत. टू टेक पेन्स म्हणजे बारकाईनं झटणं. म्हणून तोडायचा तर पेन्स-टेकिंग असा, पेन-स्टेकिंग असा नाही. बारीक, नाजूक, चुकलं तर पहिल्यापासून करावं लागेल अशा कामाला आणि ते करणाऱ्या माणसाला दोघांनाही लागतो, आणि यात कंटाळ्याची छटा नाही, कौतुक आहे. लेबोरियस आणि पेन्सटेकिंग दोघंही एकाच कामाला लावता येतात पण लेबोरियसमध्ये काम किती त्रासाचं होतं हे कळतं आणि पेन्सटेकिंगमध्ये करणाऱ्यानं ते किती निगुतीनं केलं हे कळतं. तुमच्या लॅबमधल्या मुलीला हा शब्द फिट बसतो.

हार्डवर्किंग साधा आहे म्हणून त्याला कमी लेखू नका, अर्थ स्वच्छ आहे, कोणीही चुकीचं वाचत नाही. एकच सांभाळा, वाक्य फिरवून लिहिताना 'शी वर्क्स हार्ड' लिहायचं. 'हार्डली' झालं की अर्थ उलटा, ती काम करतच नाही म्हटल्यासारखं, आणि हे मी ड्राफ्टांमध्ये खरोखर बघितलंय.

पण मॅडम, आता जे सांगणार आहे ते यातल्या कुठल्याही शब्दापेक्षा महत्त्वाचं आहे. माझं काम रोज मुलांचे एसओपी, म्हणजे अर्जासोबत त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेले निबंध, आणि एलओआर वाचायचं आहे, आणि कष्टाळू, मेहनती, प्रामाणिक ही विशेषणं कुणाच्या पत्रात जास्त येतात हे डोळ्यांना दिसतं. मुलींच्या. यावर फ्रान्सेस ट्रिक्स आणि कॅरोलिन प्सेन्का या दोघींनी २००३ मध्ये एक अभ्यास छापला होता, अमेरिकेतल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवण्याच्या नोकरीसाठी आलेली तीनशेहून जास्त शिफारसपत्रं वाचून. मेहनती, विश्वासू, काळजीपूर्वक काम करणारी, वाहून घेतलेली अशा विशेषणांना त्यांनी 'ग्राइंडस्टोन' विशेषणं असं नाव दिलं, ग्राइंडस्टोन म्हणजे धार लावायचा दगड, इंग्रजीत मान मोडून काम करणाऱ्याला नाक त्या दगडाला लावून बसलाय असं म्हणतात त्यावरून. बायकांच्या पत्रांपैकी ३४ टक्के पत्रांत ही विशेषणं होती, पुरुषांच्या २३ टक्के पत्रांत. बायकांची पत्रं सरासरीनं छोटीही होती. आणि पुरुषांबद्दल लिहिताना 'त्याचं संशोधन', 'त्याची करिअर' असं यायचं, बायकांबद्दल 'तिचं शिकवणं', 'तिचं ट्रेनिंग'. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं हो, कौतुकच करत होते सगळे. पण समोर दोन पत्रं ठेवली, एकात लिहिलंय हा हुशार आहे, याचं संशोधन असं असं आहे, दुसऱ्यात लिहिलंय ही फार कष्टाळू आहे, तर वाचणाऱ्याच्या मनात नकळत येतंच की हिच्याकडे कष्टच आहेत, बुद्धीचं काय?

आपल्याकडे हे आणखी जवळून ओळखीचं आहे. स्थळ सांगताना मुलगा हुशार आहे, मुलगी कामसू आहे. शाळेत पहिला आलेल्या मुलाचं डोकं तेज, पहिल्या आलेल्या मुलीनं मेहनत घेतली. आणि खेड्यातून आलेल्या मुलांच्या बाबतीत, मुलगा असो की मुलगी, कौतुकाची गाडी कष्टांपाशीच थांबते, त्यांच्या विचारापर्यंत जातच नाही. मला याचा मनापासून राग येतो. म्हणून लेबोरियस काढून तिथं डिलिजंट टाकलं आणि पत्र पाठवलं एवढ्यानं माझं समाधान होणार नाही, आणि तुमचंही होऊ नये.

तुम्ही मला जे पत्र लिहिलंय ते पुन्हा वाचा. चाळीस बोअर. आसपासची गावं. हार्डनेस. एकटीनं केलेली टायट्रेशन्स. रीडिंग जुळेपर्यंत न उठणं. यातलं एक अक्षर तरी त्या एलओआरमध्ये आहे का? तुम्ही दिलेल्या वाक्यावरून मला तरी वाटतं नसावं, मराठीत सगळं सांगितलंत आणि इंग्रजीत दोन विशेषणांवर काम भागवलंत. भारदस्त शब्द शोधत होतात, पण भारदस्त ते काम आहे.

ते काम जरा जवळून दाखवा. पाण्याचा हार्डनेस ईडीटीए नावाच्या रसायनानं काढतात हे तुम्ही मला शिकवाल, मी तुम्हाला नाही, पण वाचणाऱ्याला त्यातलं काय दिसायला हवं ते सांगते. प्रत्येक सॅम्पलला बफर टाकून पीएच दहाला आणायचा, इरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा सूचक टाकायचा, पाणी वाइन रेड होतं, मग ब्युरेटच्या मापनळीतून ईडीटीए थेंब थेंब सोडत तो लाल जाऊन निळा यायची वाट बघायची, एक थेंब जास्त गेला की ते रीडिंग बाद. पुन्हा. दोन-तीन रीडिंग जुळली की मगच पुढचं सॅम्पल, आणि अशी चाळीस. हे त्या प्रोफेसरला माहीतच आहे, त्यानंही तरुणपणी हे केलेलं असणार, त्यामुळे तुम्ही नुसतं चाळीस सॅम्पल्स, प्रत्येकी कॉन्कॉर्डंट, म्हणजे एकमेकांशी जुळणारी, रीडिंग मिळेपर्यंत, एकटीनं, एवढं लिहिलं की त्याला बाकीचं आपोआप दिसेल आणि मुलगी मेहनती आहे हे त्याचं तोच ठरवेल. तुम्हाला सांगायची गरज उरणार नाही.

आणि बघा, इथं तुमच्या त्या शब्दाला हक्काची जागा आहे. साधारण असं लिहा: 'शी कलेक्टेड वॉटर फ्रॉम फॉर्टी बोअरवेल्स इन द व्हिलेजेस अराउंड अवर टाउन अँड कॅरीड आउट द लेबोरियस टायट्रेशन्स ऑन हर ओन, रिपीटिंग ईच अंटिल द रीडिंग्ज अ‍ॅग्रीड.' टायट्रेशन्स लेबोरियस, मुलगी नाही. सर पण खूश.

पण एवढ्यावर थांबू नका, याच्या पुढचं वाक्य सगळ्यात गरजेचं. तिनं त्या आकड्यांचं काय केलं? बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण हार्डनेसची योग्य मर्यादा २०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, तिनं आपले आकडे त्याच्याशी ताडून पाहिले का? कुठल्या गावांत जास्त आलं, का आलं असावं यावर तिचं काही म्हणणं होतं का? हा विषय तिनं स्वतः निवडला की तुम्ही दिला? एखादं रीडिंग विचित्र आलं तेव्हा तिनं काय विचारलं? तुम्हाला नक्की आठवत असेल, कारण तुम्ही तिथं होतात. कष्ट तिनं केले हे पहिल्या वाक्यात आलं, आता दुसऱ्यात ती विचार कसा करते हे येऊ द्या. 'थॉटफुल', 'क्युरिअस', 'इंडिपेंडंट' हे शब्द तिथं शोभतील आणि ते खोटे नसतील तर बिनधास्त लिहा, मुलींबद्दल लिहिताना आपला हात इथं उगाच आखडतो. वर्गात ती कितवी होती हेही लिहा, गेल्या काही वर्षांत तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलांत तिचं स्थान कुठं हे लिहा, तिकडचे लोक ते फार बघतात.

एसटीचं आणि शेतीचं लिहू का, असा प्रश्न तुमच्या मनात येईलच. माझं मत असं की आधी तिला विचारा. काही मुलांना ते आपल्या एसओपीत स्वतःच्या शब्दांत सांगायचं असतं, काहींना मुळीच सांगायचं नसतं, ते त्यांचं आहे. तिची हरकत नसेल तर एक ओळ पुरे, की रोजचा प्रवास आणि घरची शेती सांभाळून तिनं हे केलं, आणि त्याच्यावर विशेषण लावू नका, कीव वाटेल असं तर अजिबात नको. शिक्षक म्हणून तुम्ही लॅबमध्ये आणि वर्गात जे डोळ्यांनी पाहिलं त्याला पत्रात जास्त जागा द्या, ते तुमच्याशिवाय दुसरं कोणी लिहू शकत नाही.

तिच्या मेसेजचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे शिक्षकाला असं विचारायला मुलांना किती धीर करावा लागतो, बहुतेक मुलं गप्प बसतात आणि आहे तसं पत्र अपलोड करतात. तिनं विचारलं याचा अर्थ तुमच्याजवळ तिला तेवढं मोकळं वाटतं. तिला फोन करा, म्हणावं पत्र नव्यानं लिहितेय, तुझा प्रोजेक्ट रिपोर्ट पाठव, म्हणजे आकडे बघून लिहिता येतील. आधी ज्यांना ज्यांना लेबोरियस लिहून दिलं त्यांच्यासाठी आता झुरत बसू नका, एका विशेषणावरून कुणाची अ‍ॅडमिशन अडत नाही.

नवीन पत्र एका पानात बसवा, कॉलेजच्या लेटरहेडवर, तारीख, सही, आणि खाली कॉलेजचा ईमेल असेल तर तोच द्या, जीमेल शेवटचा पर्याय. विद्यापीठाच्या पोर्टलवर पत्र ती अपलोड करणार की लिंक थेट तुम्हाला येणार हे विचारून घ्या, लिंक बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडते. विंटर सेमिस्टरसाठी जर्मनीत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैची मुदत असते, काही ठिकाणी परदेशी मुलांसाठी ती बरीच आधी संपते, तर तिची नेमकी तारीख कळली की त्याच्या आठ दिवस आधी तरी पत्र तिच्या हातात पडेल असं बघा.